दुसऱ्या दिवशीचा डबा

आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि पुढं साताऱ्यात संसार केला. तिचा एक नियम होता. गल्लीत कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी दवाखान्यात पडलं, की ती पहिल्या दिवशी डबा घेऊन जायची नाही. "पहिल्या दिवशी सगळं गाव असतं गं. आपण उद्या जाऊ." मला तो आळस वाटायचा. स्वतः दवाखान्यात पडले तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी खाटेभोवती चौदा माणसं होती आणि सातजणांनी केळी आणली होती. दुसऱ्या दिवशी केळी होती, माणसं नव्हती.

*

शेजारधर्म. किती सहज आपण हा शब्द वापरतो! राजधर्म, पुत्रधर्म यांच्या पंगतीला मराठीनं शेजाऱ्यालाही पाट मांडून दिला. वाटीभर साखर, विरजणाचं दही, घराची किल्ली, मुलाला तासभर सांभाळणं, हे सगळं त्यात आलं. मिशनरी मराठीत बायबल छापायला लागले तेव्हा शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा या मुलखात नवी कोरी म्हणून आली नाही. तिला राहायला जागा आधीच होती. एवढंच, की जुन्या शेजारधर्माला आळीची हद्द होती. जातीची भिंत आली की साखरेची वाटी थबकायची. आज्ञेचं म्हणणं होतं, भिंतीपलीकडंही शेजारीच राहतो.

*

बायबलातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शब्बाथशाळेतल्या प्रत्येक पोराला येते. वाटेत लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं, याजक बाजूनं गेला, लेवी बाजूनं गेला, परक्या जमातीचा शोमरोनी थांबला. मुलं इथंच थांबतात, पुष्कळ पाळकही इथंच थांबतात. पुढं काय झालं? त्यानं जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून उतारशाळेच्या माणसाला दिले. जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असं सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं ते मुद्दाम लिहून ठेवलं आहे. आईनं हा नियम तिथूनच उचलला असणार. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

*

मिरज स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'वानलेस' म्हणा नाहीतर 'मिशन' म्हणा, तो एकाच फाटकाशी नेऊन सोडतो.

डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं त्यांना 1889 साली इकडं पाठवलं. आधी सांगलीत लहानसा दवाखाना काढला, मग मिरजेत आले आणि 1894 मध्ये तिथलं रुग्णालय सुरू झालं. पुढं वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली, कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. ते 1928 साली निवृत्त झाले, त्याच वर्षी 'सर' झाले आणि 1933 मध्ये अमेरिकेत वारले.

या सगळ्यात मला एकच आकडा मोलाचा वाटतो: एकोणचाळीस वर्षं. परक्या मुलखात वर्षभर सेवा करून आठवणींचं पुस्तक लिहिणारे ढिगानं सापडतात. वानलेसांनीही पुस्तक लिहिलं, पण निवृत्त झाल्यावर.

*

त्या काळात मोतीबिंदू काढून घेतलेला म्हातारा आगगाडीनं गावी परतायचा. गावात तो काय सांगत असेल? डॉक्टरांनी काय उपदेश केला ते नसेल सांगत. 'नातू दिसला' असं सांगत असेल. मिरजेची ख्याती अशा म्हाताऱ्यांनी कर्नाटकापर्यंत नेली. आजही मिरजेच्या वॉर्डात मराठीइतकंच कन्नड कानावर पडतं, आणि दोन खाटांवरचे पेशंट एकमेकांची भाषा येत नसताना एकमेकांचं सलाईन संपलं का ते बघतात.

*

सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. आता ती वस्ती आहे, थांबा आहे, घराचा पत्ता आहे. पण 1920च्या सुमारास इथं क्षयरुग्णांचं आरोग्यधाम उभं राहिलं होतं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसीन, 1940च्या दशकात आलं. म्हणजे वीसेक वर्षं इथले डॉक्टर आणि नर्सा कुठल्या भरवशावर काम करत होते? मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती. आणि रोज सकाळी खाटेशी येऊन, "आज खोकला कमी वाटतोय हां," असं म्हणणारं कुणीतरी.

औषध नसतानाही करण्यासारखं काही उरतंच. त्यातलं मुख्य म्हणजे धीर देणं.

*

धीर हा शब्दही बघण्यासारखा आहे. तो धरता येतो, सोडता येतो, खचतो, सुटतो, आणि देताही येतो. उसन्या पैशासारखा. फरक इतकाच, की देणाऱ्याकडचा कमी होत नाही.

धीर द्यायला गेलेल्यांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं, वहीत टिपून ठेवलेली:

"आमच्या मेव्हण्याला अगदी हेच झालं होतं. बिचारा गेला."

"डॉक्टर बदलून बघा."

"मी म्हटलंच होतं, तंबाखू सोडा म्हणून."

"देवाची परीक्षा असते, दुसरं काय."

शेवटचं वाक्य आमच्या मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं. बोलणारा श्रद्धेनं बोलला. ऐकणारीला रात्रभर झोप लागली नाही, आपण कोणत्या विषयात नापास झालो याचा ती विचार करत होती.

*

बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले. त्याची दशा बघून रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर सगळं छान होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या उपदेशानं पुढचे कितीतरी अध्याय भरले.

वॉर्डात जाताना मी हे आठवते. सात दिवस जमणार नाही, पण सात मिनिटं गप्प बसता येतं.

*

1893च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला निघालेले कवी नारायण वामन टिळक आगगाडीत बसले. डब्यात एक युरोपियन होता. त्या काळात गोऱ्या माणसानं डब्यात काळ्या माणसाला जागा करून दिली, हीच बातमी. त्यानं जागा दिली, कवितेविषयी बोलला, टिळकांचा मान राखून धर्माविषयी बोलला आणि उतरताना हातात नवा करार दिला. टिळकांना त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठीला तिचा ख्रिस्ती कवी मिळाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची काय किंमत मोजावी लागली ते 'स्मृतिचित्रे'त आहे. धर्मांतराच्या कहाणीत घरच्यांचे अश्रूही मोजायचे असतात, हे त्या पुस्तकानं मराठी ख्रिस्ती घरांना शिकवलं.

मला राहून राहून तो नाव न कळलेला प्रवासी आठवतो. त्यानं केलं ते इतकंच: बाक थोडं मोकळं केलं.

*

टिळकांची शेवटची दोन वर्षं साताऱ्यात गेली. मिशनचा पगार त्यांनी 1917 साली सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तशिष्य एका बंधुसमाजात यावेत. पंचावन्नी उलटल्यावर, तब्येत साथ देत नसताना, बांधलेला पगार सोडायचा! संसार चालवणारीच्या पोटात गोळा यावा असाच हा निर्णय. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले आणि दरबार फार पुढं गेला नाही.

फसलेला प्रयोग म्हणायचा का? माझ्या लहानपणी साताऱ्यात नाताळच्या दिवशी आमच्याकडं फराळाला येणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेले कमी आणि न घेतलेले जास्त असत. दिवाळीला हेच उलट. आमच्या ओट्यावर तो दरबार चालूच होता, फक्त कुणी त्याला नाव दिलं नव्हतं.

*

आता अवघड टिपण.

"तुमचे लोक सेवा करतात ते शेवटी बाटवायलाच ना?" हा प्रश्न मला शाळेत विचारला गेला, बँकेत विचारला गेला, एकदा लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला. 2011च्या जनगणनेप्रमाणं महाराष्ट्रात आम्ही शंभरात एकसुद्धा पुरते नाही. दोनशे वर्षांच्या बाटवाबाटवीचा एवढाच हिशेब निघत असेल तर धंदा तोट्यातला आहे, असं मी पंगतीत म्हटलं. लोक हसले आणि जिलेबी पुढं सरकली.

पण प्रश्न हसून टाकण्यासारखा नाही. दुष्काळात धान्य आणि शिकवण एकाच हातानं दिली गेली, तेव्हा घेणाऱ्याला दोन्हींपैकी एकाला नाही म्हणायची सोय होती का? हे ज्याचं त्यानं प्रामाणिकपणे विचारावं. आईनं तिच्यापुरतं उत्तर काढलं होतं: डब्यात पत्रक ठेवायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं. विचारलं नाही तर भाजी कशी झाली एवढंच विचारायचं.

*

वाई. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, वेदशास्त्राच्या पाठशाळा, पुढं तर्कतीर्थांचा विश्वकोश. या गावात अमेरिकन मराठी मिशनचं विलिस पीअर्स स्मारक रुग्णालय होतं आणि तिथं डॉ. लेस्टर बील्स आणि डॉ. रोझ बील्स हे नवराबायको दोघंही डॉक्टर म्हणून राबत होते. बाईमाणसाला पुरुष डॉक्टरपुढं जाणं जड वाटे त्या काळात बाई डॉक्टर असणं म्हणजे काय, हे आपल्या पणज्या सांगू शकल्या असत्या. विद्वत्तेच्या गावात वादविवाद घडलेच असतील. बाळंतिणीच्या खाटेपाशी मात्र वाद घालायला कुणाला फुरसत नसते.

*

मिरजेचं रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल. बाहेरून जाताना भिंत दिसते. पूर्वी या रोगाला महारोग म्हणत आणि रोग्याला गावाबाहेर काढत. 1982 पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला आणि ठरावीक महिन्यांत रोग बरा होऊ लागला. आता रोग लवकर बरा होतो, भीती उशिरा.

आई सांगायची, विद्यार्थिनी असताना तिला पहिल्यांदा कुष्ठरुग्णाचं ड्रेसिंग करायला पाठवलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. त्या आजींनीच तिला म्हटलं, "घाबरू नको पोरी, हळूच कर. मला दुखत नाही." त्या रोगात बधिरपणा येतो, म्हणून दुखत नव्हतं. धीर द्यायला गेलेलीला धीर मिळाला. ही गोष्ट सांगताना आईचा आवाज दर वेळी त्याच जागी बदलायचा.

*

पाचगणीचं बेल-एअर. डॉ. बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी 1912 साली क्षयरोग्यांसाठी ते काढलं. पुढं ते रेडक्रॉसकडं गेलं. एचआयव्हीची साथ आली आणि घरचे लोक पेशंटची ताट-वाटी वेगळी करू लागले, तेव्हा एका कॅथलिक धर्मगुरूच्या देखरेखीखाली तिथं एचआयव्हीबाधितांची सेवा सुरू झाली. पारशानं लावलेलं झाड, रेडक्रॉसचं कुंपण, पाद्र्याचं पाणी. फळं खाणाऱ्यांत सगळे. सेवेच्या संस्थेचा सातबारा काढायला गेलं तर नावं अशीच निघतात.

*

ऑगस्ट 2019. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात माणुसकीचाही पूर होता. बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या, ट्रकच्या ट्रक. एका घरात बिस्किटांचे इतके पुडे जमले, की त्यांची थप्पी लावून म्हातारीनं त्यावर देव ठेवले.

पंधराव्या दिवशी ट्रक गेले होते, चिखल होता. आमच्या मंडळीतल्या आठ-दहाजणांनी तेव्हा खराटे, फावडी, घमेली घेतली. घर कुणाचं ते विचारायचं नाही, ओळीनं जायचं, एवढंच ठरलं होतं. चिखल काढताना माणूस फार बोलत नाही. तिसऱ्या दिवशी एका घरातल्या काकूंनी भिंतीवरची पुराची खूण पुसू दिली नाही. म्हणाल्या, "राहू दे. कोण आलं होतं ते आठवेल."

*

माझ्या नावावरही एक टिपण लिहायला हवं. पुराच्या पहिल्या आठवड्यात मी पण एका शिबिरात वाटप केलं आणि एका आजीच्या हातात ब्लँकेट देताना फोटो काढून घेतला. आजीनं फोटो संपेपर्यंत ब्लँकेट धरून ठेवलं आणि मग विचारलं, "आता नेऊ का?"

फोटो अजून फोनमध्ये आहे. मुद्दाम पुसलेला नाही.

*

प्रेषितांच्या काळात योसेफ नावाचा सायप्रसचा एक लेवी होता. प्रेषितांनी त्याला बर्णबा असं टोपणनाव दिलं. अर्थ, धीर देणारा. आधी शिष्यांचा छळ केलेल्या, दमास्कसहून आलेल्या शौलाला सगळे घाबरत होते तेव्हा यानं त्याला हाताला धरून प्रेषितांपुढं नेलं. तोच शौल पौल झाल्यावर, अर्ध्या वाटेतून पळालेल्या मार्काला पुन्हा सोबत घ्यायला तयार होईना. बर्णबानं मार्कासाठी पौलाशी भांडण घेतलं. धीर देणारा माणूस दर वेळी गोड बोलतो असं नाही.

टोपणनावावरून आठवलं. साताऱ्यात 'नकुशी' हे मुलींचं नाव असायचं. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नकुशी. 22 ऑक्टोबर 2011 रोजी जिल्हा परिषदेनं अशा 285 मुलींचं नव्यानं नामकरण केलं. हे काम सरकारचं, कोणत्या मंडळीचं नव्हे, आणि तरीही मला ते बर्णबाच्या ओळीत बसणारं वाटतं. एखाद्याला त्याच्या चांगल्या नावानं हाक मारणं हा सगळ्यांत स्वस्त धीर आहे. शाळेत पंचवीस वर्षं हजेरी घेऊन मी हे शिकले.

*

माझा शेजारी कोण? एप्रिल 2016 मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, अंतर तीनशेहून जास्त किलोमीटर. मिरजेच्याच सांगली जिल्ह्यात जतला, आटपाडीला टँकर चालू होते. "आधी आपल्यांना द्या," असं म्हणणारे होते, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. तरी गाडी गेली. कृष्णेचं पाणी मांजरेच्या खोऱ्यातल्या हंड्यांत पडलं. शेजार कधी कधी रुळांवरून मोजावा लागतो.

*

सेवा करणं सोपं, करवून घेणं कठीण. माझं ऑपरेशन झालं तेव्हा समोरच्या भाभींनी आठ दिवस खिमट करून पाठवलं. रमजान होता. स्वतः उपाशी राहून त्या माझ्यासाठी तांदूळ-डाळ शिजवत होत्या, मीठ चाखून बघता येत नव्हतं म्हणून मुलीला चाखायला लावत होत्या. मला इतका संकोच वाटला, की मी चौथ्या दिवशी "आता नको" म्हणून निरोप पाठवला. भाभी स्वतः आल्या. म्हणाल्या, "तुमची आई देत होती तेव्हा आम्ही घेत होतो की."

त्या दिवसापासून मी मुकाट्यानं खाल्लं.

*

आपल्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालतात. मिशनऱ्यांनी, पारशी डॉक्टरांनी, भाभींनी, ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा कितीतरी माणसांनी आमच्या दारात भांडी भरून ठेवली. ती परत करायची आहेत.

तेव्हा कुणी आजारी पडल्याचं कळलं तर दुसऱ्या दिवशी जा. जाण्याआधी पथ्य विचारा, मीठ चालतं का ते विचारा. केळी नेऊ नका. सात मिनिटं बसा. सोबत राहिलेल्या नातेवाइकालाही जेवायला लागतं, त्याच्या दोन भाकऱ्या जास्त घाला. आणि डब्याच्या झाकणावर नाव लिहून ठेवा. वॉर्डात सगळे डबे सारखे दिसतात.